गंधकाची काहील, आणि गोठणे की थिजणे

सांगलीच्या एका विज्ञानशिक्षिकेने विचारले आहे की, प्रशांत महासागरात मारियाना बेटांच्या रांगेतील दाइकोकू या सागरी ज्वालामुखीवर वितळलेल्या गंधकाचे जे डबके २००६ साली आढळले, त्याच्या ‘सल्फर कॉल्ड्रन’ या नावासाठी ‘कढई’ हा शब्द चालेल का, आणि तेथील गंधक ‘गोठतो’ असे लिहावे का.

‘कढई’ने अर्थ कळतो, पण डोळ्यांसमोर स्वयंपाकघर येते. कराड-शिराळ्याकडे गुऱ्हाळावर उसाचा रस ज्या रुंद, उथळ भांड्यात उकळतात ती काहील. खालून धग आणि वर खदखदता द्रव हे चित्र त्या शब्दात आधीपासूनच आहे. म्हणून मी ‘गंधकाची काहील’ असेच लिहीन. सामान्यरूप ‘काहिलीत’ असे होते. उन्हाने अंगाची होते ती ‘काहिली’ वेगळी.

मात्र गुऱ्हाळाची सगळीच क्रियापदे येथे आणू नयेत. रस तापवला की पाणी निघून जाते आणि तो आटून दाट होतो. गंधकाचे तसे नाही. सुमारे ११५ अंश सेल्सिअसला तो वितळून पातळ होतो. पण १५९ अंशांच्या पुढे तापवला की आठ-आठ अणूंची कडी उघडून त्यांच्या लांब साखळ्या जुळतात आणि काहीही न आटता द्रव एकाएकी घट्ट होतो. दाइकोकूच्या काहिलीत, सुमारे ४२० मीटर खोलीवर, १८७ अंश तापमान नोंदले गेले. तेव्हा तेथे ‘दाटतो’ म्हणावे, ‘आटतो’ नव्हे.

आता गोठणे. रक्ताचा अपवाद सोडला तर ‘गोठणे’ म्हणताच गारठा आठवतो. गंधक मात्र निवताना, आपल्याकडच्या उकळत्या पाण्याहून अधिक तापलेला असतानाच घट्ट होऊ लागतो. तुपाला किंवा खोबरेलाला घट्ट होण्यासाठी बर्फाची गरज नसते, नेहमीची ऊब थोडी कमी झाली तरी पुरते, आणि त्यासाठी ‘थिजणे’ हे नेमके क्रियापद आपल्या घराघरांत आहे. गंधक थिजतो, असेच लिहावे.

नावाबद्दल शंका नको. तासगावच्या द्राक्षबागेत भुरी या बुरशीच्या रोगावर जो धुरळतात आणि बेदाण्याला ज्याची धुरी देतात तो हाच गंधक.