अमेरिकेत नवा राष्ट्राध्यक्ष निवडून आला की मतदारांनी त्याच्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवावी? दिलेली आश्वासनं खरंच पूर्ण होतात का?

सेनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात, त्याच्या बाजूची किती मतं आहेत ती मोजा आणि तेवढीच अपेक्षा ठेवा. बाकी सगळी भाषणं. एवढ्यावर थांबलो असतो, पण याच विषयावरून माझं आणि माझ्या साडूंचं वाजलेलं आहे आणि ते अजून पुरतं मिटलेलं नाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आम्ही दोघंही मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. साडू वयानं मोठे. ग्रीन कार्डावर वर्षानुवर्षं निवांत होते, पण 2008 मध्ये धावपळ करून नागरिक झाले ते केवळ ओबामांना मत देता यावं म्हणून. निकालानंतरच्या शनिवारी आमच्या बेसमेंटमध्ये नेहमीची मंडळी जमली. साडूंची यादी तोंडपाठ होती: दहशतवादाच्या संशयितांना डांबलेला ग्वांटानामोचा तुरुंग बंद, इराकमधून सैन्य परत, सगळ्यांना आरोग्य विमा, आणि आपल्या मुलांना पटापट ग्रीन कार्डं. मोटेल चालवणारे एक गुजराती काका मॅकेनवाले, म्हणजे ओबामांच्या विरोधातल्या रिपब्लिकन उमेदवाराचे. त्यांचा एकच धोशा, की अडीच लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्याला हा माणूस कर वाढवून कापणार. बायकोची एक मैत्रीण नर्स आहे, ती म्हणाली, "विम्याचं मला काही वाटत नाही. आपल्या राज्यात तेव्हाच्या गव्हर्नर रॉम्नींचा 2006 चा विम्याचा कायदा आहेच की." सगळ्यात मोठा आवाज होता तो एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या एका पोराचा, ज्याला मतच नव्हतं.

मी एवढंच विचारलं, "सेनेटमध्ये साठ आहेत का?" शंभर जणांच्या सेनेटमध्ये विधेयकावरची चर्चा थांबवून मतदान घ्यायचं तर साठ मतं लागतात. एक्कावन्न असून भागत नाही. बारशाच्या जेवणात कुणी मृत्युपत्राचा विषय काढावा तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. साडू म्हणाले, "तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही."

भारतात वाढलेल्या माणसाची इथे हमखास गफलत होते. आपल्याकडे लोकसभेत बहुमत असतं म्हणूनच माणूस पंतप्रधान होतो. इथे राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, हाउस म्हणजे खालचं सभागृह वेगळं, सेनेट वेगळी, आणि स्वतःच्या पक्षाचे लोकही त्याचं ऐकतीलच असं नाही. ग्वांटानामोचंच बघा. ओबामांनी 22 जानेवारी 2009 ला, म्हणजे शपथ घेतल्यावर दोनच दिवसांनी, वर्षभरात तो तुरुंग बंद करण्याचा आदेश काढला. मे महिन्यात सेनेटनं त्यासाठी पैसे नाकारले, 90 विरुद्ध 6 मतांनी. त्या नव्वदात त्यांच्या पक्षाचेच ढीगभर होते. आठ वर्षांनी ते पायउतार झाले तेव्हाही तिथे 41 कैदी होते. इराकमधून सैन्य मात्र 2011 च्या डिसेंबरात परत आलं, कारण सेनापती राष्ट्राध्यक्षच असतो. अर्थात त्या तारखेचा करार बुश जाता जाता करून गेले होते, हे साडूंना सांगून उपयोग नाही. आणि काकांचा कर? बुशच्या काळातली सवलत ओबामांनीच 2010 च्या डिसेंबरात आणखी दोन वर्षं वाढवली. काकांनी दरम्यान दुसरं मोटेल घेतलं.

आता मूळ दुखण्याकडे येतो. साठ मतं जमली, पण अगदी थोडे दिवस. मिनेसोटातली मोजणी कोर्टात अडकली होती, त्यामुळे ओबामांच्याच डेमोक्रॅट पक्षाच्या अल फ्रँकनचा शपथविधी जुलै 2009 मध्ये झाला. 25 ऑगस्टला आमच्या राज्याचे सेनेटर टेड केनेडी वारले. आरोग्य विम्यासाठी उभा जन्म घालवलेला माणूस, 1962 पासून त्या जागेवर. हंगामी सेनेटर नेमला गेला आणि 24 डिसेंबरला आरोग्य विम्याचं विधेयक सेनेटमध्ये मंजूर झालं, मोजून साठ मतांनी. एकही जास्त नाही. केनेडींच्या जागेची पोटनिवडणूक 19 जानेवारी 2010 ला होती. डेमोक्रॅट मार्था कोकली विरुद्ध रिपब्लिकन स्कॉट ब्राउन. ब्राउन आपला पिकअप ट्रक घेऊन गावोगाव फिरत होते. आणि थंडीत फेनवे पार्क या बॉस्टनच्या बेसबॉल मैदानाबाहेर उभं राहून लोकांशी हात मिळवण्याबद्दल कोकलीबाईंचा सूर असा होता, की तसं करून काय होणार. बेसबॉलवेड्या राज्यात असं बोलतात? शेवटच्या रविवारी स्वतः ओबामा बॉस्टनला येऊन सभा घेऊन गेले.

मी सकाळीच ऑफिसला जाता जाता शाळेच्या जिममध्ये मत दिलं. आमच्याकडे टेबलापाशी आधी रस्त्याचं नाव विचारतात, मग घर नंबर, मग तुमचं नाव. आजीबाई यादीवर पट्टी ठेवून खूण करतात. ओळखपत्र मागत नाहीत, बोटाला शाई नाही. मतपत्रिकेवर नावापुढचा लंबगोल काळा करायचा आणि, निदान तेव्हा तरी, जाताना दुसऱ्या टेबलावर हेच सगळं पुन्हा सांगून, कागद मशीनमध्ये सरकवून बाहेर पडायचं. काम पाच मिनिटांचं.

दुपारी साडूंना फोन केला. "अहो, ऑफिसात आज सॉफ्टवेअरचं डिप्लॉयमेंट आहे. आणि केनेडींची जागा हो ती, कोण पाडतंय?" मी म्हटलं, केंद्र रात्री आठपर्यंत उघडं आहे. सातला पुन्हा फोन केला, तर ताईंनी उचलला आणि म्हणाल्या, जेवायला बसलेत. त्यांचं केंद्र घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे मला अजूनही गिळवत नाही.

ब्राउनना सुमारे 11 लाख 70 हजार मतं पडली, कोकलींना 10 लाख 60 हजार. चौदा महिन्यांपूर्वी याच राज्यात ओबामांना 19 लाख मिळाली होती. बाकीचे कुठे गेले? काही फिरले असतील, मान्य. त्या नर्स मैत्रिणीनं ब्राउनना मत दिलं, कारण आपल्याला रॉम्नींचा विमा आहे, मग दुसऱ्या राज्यांसाठी आपण का भरायचं. पटो न पटो, ती केंद्रावर तरी गेली. पण लाखोंच्या संख्येनं लोक जेवायला बसले होते.

साठाचे एकोणसाठ झाले. सेनेटचा मसुदा सुधारून परत तिथे मंजूर करून घ्यायची सोयच उरली नाही, म्हणून हाउसला तो जसाच्या तसा गिळावा लागला, 219 विरुद्ध 212. पैशाशी संबंधित दुरुस्त्या तेवढ्या वेगळ्या वाटेनं, साध्या बहुमतानं करून घेतल्या. हाउसनं मंजूर केलेलं हवामानाचं विधेयक सेनेटमध्ये मतदानाला आलंच नाही. लहानपणी इथे आलेल्या कागदपत्रं नसलेल्या मुलांसाठीच्या ड्रीम अॅक्टला डिसेंबर 2010 मध्ये 55 मतं मिळाली आणि तो पडला.

त्या वर्षीच्या चार जुलैला बार्बेक्यू साडूंकडे. कणसं उलटता उलटता म्हणाले, "ओबामानं फसवलं हो. काहीच केलं नाही." मी विचारलं, "साडूभाऊ, जानेवारीत मत कुणाला दिलंत?" त्यांनी चिमटा खाली ठेवला. ताई आणि माझी बायको एकदमच आमरस कसा झालाय यावर बोलायला लागल्या. त्या वर्षी आमच्या गणपतीला ते आले नाहीत.

माझं मत आजही तेच आहे. चार वर्षांतून एकदा उत्साहात मत द्यायचं, मधल्या निवडणुकांना घरी बसायचं आणि मग राष्ट्राध्यक्षाला शिव्या घालायच्या, हा अधिकार कुणाला नाही. पक्ष कुठलाही असो. ट्रम्पना 2017 मध्ये ओबामाकेअर, म्हणजे हाच विम्याचा कायदा, मोडायचा होता, तो त्यांच्याच पक्षाच्या मॅकेन यांच्या एका मतानं वाचला. बायडेन यांची विद्यार्थी-कर्जमाफी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं उडवली.

पुण्याहून भाचा विचारतो, नवा आला, आता ग्रीन कार्ड लवकर मिळेल का? नाही मिळणार. ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा 1990 च्या कायद्यात आहे आणि ती फक्त काँग्रेस, म्हणजे हाउस आणि सेनेट मिळून इथली संसद, बदलू शकते. राष्ट्राध्यक्ष सहीनं जे करू शकतो ते वेगळं. ओबामांच्या प्रशासनानं 2015 मध्ये ग्रीन कार्डाच्या रांगेतल्यांच्या, एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावरच्या जोडीदारांना कामाची परवानगी दिली, ती नियम बदलून. ट्रम्पनी सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर लावले, तेही सहीनं. अशा गोष्टींची अपेक्षा ठेवा, आणि भीतीही. फक्त सहीनं आलेलं पुढच्याच्या सहीनं किंवा कोर्टातून जाऊ शकतं.

आता थोडं सांभाळून घेतो, नाहीतर खाली प्रतिसादांत कुणीतरी धरेलच. राष्ट्राध्यक्ष बिनमहत्त्वाचा असतो असं मी म्हणत नाही. ट्रम्पनी पहिल्याच खेपेत सुप्रीम कोर्टावर तीन न्यायाधीश नेमले, ते तिथे तहहयात. ड्रीम अॅक्ट एकट्या ब्राउनमुळे पडला असंही नाही, पाच डेमोक्रॅट विरोधात गेले होते. साडूंच्या एका मतानं कोकली निवडून आल्या नसत्या, हे गणित मलाही येतं. आणि डिप्लॉयमेंट खरंच होतं, त्यांच्या टीममधल्या माणसाकडून मी खात्री करून घेतली आहे.

कोकलीबाई 2014 मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या, या वेळी गव्हर्नरपदासाठी. साडू सकाळी सातला रांगेत होते आणि तिथून मला फोटो पाठवला. बाई तेव्हाही पडल्या. त्याचा दोष मी साडूंना देत नाही.