ब्राझीलचा फुटबॉल बचावपटू लुसिओ गोव्यात नुसता नावापुरता आला होता का?

तुमच्या प्रश्नाचा सूर असा दिसतो : 2002 च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध त्याने घोळ घातला, बचाव सोडून सारखा पुढे पळायचा, आणि म्हातारपणी इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाकडून पैसे कमवून गेला. मग एवढं कौतुक कशाचं?

आधी त्या घोळाचं बोलू. तो झालाच, नाकारण्यात अर्थ नाही. शिझुओकामध्ये 23व्या मिनिटाला इंग्लंडच्या हेस्कीचा पास मांडीवर घेताना चेंडू उडाला आणि ओवेनने गोल केला. ब्राझीलने सामना 2-1 जिंकला, म्हणून तो निभावला. पण त्या स्पर्धेत ब्राझीलचे सातही सामने तो खेळला, हे त्या घोळाच्या क्लिपमध्ये दिसत नाही.

त्याआधीचे दीड महिने तर बघा. त्याच्या तेव्हाच्या जर्मन क्लबची, लेव्हरकुसेनची, लीग एका गुणाने गेली, जर्मन कपचा अंतिम सामना शाल्केकडे गेला, आणि 15 मे रोजी ग्लासगोत चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना रेआल माद्रिदविरुद्ध. माद्रिदच्या राऊलच्या गोलनंतर सहकारी श्नायडरच्या फ्री किकवर हेडर मारून बरोबरी कोणी साधली? याच सेंटर बॅकने, म्हणजे मधल्या बचावपटूने. पुढे झिदानची ती व्हॉली आली आणि सगळं संपलं. 30 जूनला योकोहामात विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तोच श्नायडर जर्मनीच्या जर्सीत समोर उभा होता. या वेळी मात्र कप लुसिओच्या हातात आला.

आता पुढे पळण्याबद्दल. माझं मत असं, की ती बेफिकिरी नव्हती. चेंडू हिसकावला की बहुतेक बचावपटू तो जवळच्या माणसाला देऊन मोकळे होतात. लुसिओ लांब ढांगा टाकत स्वतःच निघायचा. समोरच्या मध्यरक्षकांना कळेना, याला अडवायचं की आपला माणूस धरायचा. कधी अंगाशी यायचं, हेही खरं. पुढे बायर्न म्युनिकमध्ये पाच वर्षांत त्याने तीन लीग आणि तीन जर्मन कप जिंकले, तेव्हा म्युनिकच्या लोकांनाही धाकधूक व्हायचीच.

पण आडदांड म्हणणाऱ्यांनी 2006 आठवावं. विश्वचषकात सलग 386 मिनिटं त्याने एकही फाउल केला नाही, हा विक्रम ठरला. म्हणजे चार पूर्ण सामने आणि फ्रान्सविरुद्धच्या पाचव्याची 26 मिनिटं! सेंटर बॅकसाठी हे जवळपास अशक्य. जागा घेण्याची अक्कल असल्याशिवाय पाय आवरत नाहीत.

2009 मध्ये व्हान गाल प्रशिक्षक म्हणून बायर्नला आला आणि लुसिओला इटलीतल्या इंटर मिलानकडे जावं लागलं. तिथे प्रशिक्षक मोरिन्होने त्याला बचावात सॅम्युएलच्या जोडीला उभं केलं. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाविरुद्ध त्यांच्याच काम्प नोऊ मैदानावर इंटरच्या मोटाला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांत 0-1 वर निभावणं आणि दोन सामन्यांच्या बेरजेवर पुढे जाणं, हा सामना मी अजूनही अधूनमधून लावतो. आणि 22 मे 2010 ला माद्रिदमध्ये अंतिम सामन्यात समोर कोण? व्हान गालचीच बायर्न. 2-0. मिलितोचे दोन गोल सगळ्यांना आठवतात, मागची भिंत कोणाला आठवत नाही.

ब्राझीलसाठी त्याचे 105 सामने आणि गोल फक्त चार. पण त्यातला एक 2009 च्या कॉन्फेडरेशन्स कपच्या अंतिम सामन्यातला. अमेरिका मध्यंतराला 2-0 पुढे होती. फाबियानोने दोन फेडले आणि 84व्या मिनिटाला कॉर्नरवर कर्णधाराचा हेडर. पुढे इटलीच्याच युव्हेंटस क्लबमध्ये मात्र जमलं नाही, काही महिन्यांतच करार संपला.

राहिलं गोवा. 2015 ला प्रशिक्षक झिकोच्या गोवा संघात आला तेव्हा 37 वर्षांचा होता. आम्ही चौघे सावंतवाडीहून फातोर्ड्याला एक सामना बघायला गेलो होतो. जुन्या क्लिपमधल्या त्या धावा आता नव्हत्या, हे खरंच. पण चेंडू लांब असतानाही तो सतत हात करून शेजारच्याला दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे सरकवत होता. टीव्हीवर हे कधी दिसत नाही. त्या मोसमात संघ गुणतक्त्यात पहिला आला. अंतिम सामन्यात आपल्याच मैदानात 87व्या मिनिटाला गोवा 2-1 पुढे गेला आणि शेवटच्या क्षणी दोन गोल होऊन चेन्नईयिनने तो नेला. त्याचं आम्हाला अजून वाईट वाटतं. पुढच्या वर्षी संघ तळाला गेला, तेव्हा त्या मोसमापुरती तुमची तक्रार मान्य.