पाकिटावरच्या नावाला भुलू नकोस

गांजाच्या बियांच्या पाकिटावर 'ओजी कुश' या जातीचं नाव छापलंय म्हणजे आत तेच असेल, असं धरून चालू नकोस. ती मुळात कलमांवर टिकलेली जात. तिचं बी म्हणून मिळतं ते बहुतेक एस-१, म्हणजे स्वपरागणातून आलेलं, नाहीतर सरळ संकर. रोपागणिक फरक पडणारच. 'स्कंक नंबर १' ही दुसरी जात तर स्वतःच संकर: अफगाणी, अकापुल्को गोल्ड आणि कोलंबियन गोल्ड या जातींचा, पुढे निवडीने स्थिर केलेला. तेव्हा 'अस्सल' दिसलं की आधी आई-बाप विचार. 'इंडिका (गांजाचा एक प्रकार) ७० टक्के' असले पाकिटावरचे आकडे मी वाचतही नाही. कॅनडात २०१५ साली जनुकं तपासली, तर सुमारे ३५ टक्के नमुने स्वतःच्या नावभावांपेक्षा भलत्याच नावाच्या नमुन्यांशी जास्त जुळले.