लस टोचूनही स्वाइन फीवर फार्मवरून का जात नाही?

मोहोळच्या दादांचा प्रश्न असा: डुकरांना स्वाइन फीवर या विषाणूच्या तापाची लस दरवर्षी टोचतो, तरी पावसाळ्यात चार-दोन पिल्लं तापाने जातातच, मग लसीने हा रोग फार्मवरून कायमचा जाईल का? जातो दादा, पण नुसत्या सुईने नाही.

आधी एक खात्री करा. लस झालेली मोठी जनावरंही पटापट मरत असतील, तर तो आफ्रिकन स्वाइन फीवर असू शकतो. तो 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आला. त्याचा विषाणूच वेगळा, आपली लस त्याला लागू पडत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांना कळवून नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवा. अंदाजावर औषधं मारत बसू नका.

फक्त पिल्लंच जात असतील, तर खरी गोम बहुतेक माद्यांमध्ये आहे. गाभणपणाच्या मधल्या काळात मादीला विषाणू लागला तर ती वरून ठणठणीत दिसते, पण पोटातल्या पिल्लांना लागण होते. त्यातली काही जिवंत, बरी दिसणारी जन्मतात. त्यांचं शरीर त्या विषाणूला परका मानतच नाही, म्हणून त्यांना लस टोचून उपयोग शून्य. महिनोन्‌महिने ती विष्ठेतून, लाळेतून विषाणू सोडत राहतात. एका वेतातलं एखादंच पिल्लू खुरटलेलं, केस उभे, डोळ्यांत चिपडं, खाऊनही अंगी लागत नाही, असं दिसतं ना? आपण म्हणतो, 'राहू द्या, वाढेल हळूहळू.' तेच आधी वेगळं करून तपासायचं. त्या वेतातली एकही मादी पैदाशीला ठेवायची नाही.

तपासणीतही एक फसगत आहे. रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, सापडली, तर ती लसीची की रोगाची हे कळत नाही. औजेस्की नावाच्या डुकरांच्या दुसऱ्या रोगाच्या लसीतून विषाणूचं एक प्रथिन मुद्दाम काढलेलं असतं, त्यामुळे तिथे फरक ओळखता येतो आणि त्याच जोरावर जर्मनीने तो रोग संपवला. आपल्या नेहमीच्या स्वाइन फीवर लसीत ती सोय नाही. म्हणून डॉक्टरांना थेट विषाणू शोधणारी पीसीआर चाचणीच मागा.

आता वेळ. लस झालेल्या आईच्या चिकातून पिल्लांना संरक्षण मिळतं, पण तेच संरक्षण लवकर टोचलेली लस निकामी करतं. म्हणून साधारण दोन महिन्यांची झाल्यावर टोचा. माद्यांना मी पिल्लं तोडल्यावर, पुन्हा फळवण्याआधी देतो.

आणि आपलं सोलापूरचं ऊन! ही लस जिवंत विषाणूची आहे, दोन ते आठ अंशांत राहिली तरच कामाची. मे महिन्यात मोटरसायकलच्या डिकीत टाकून आणलेली बाटली म्हणजे नुसतं पाणी. थर्मासमध्ये बर्फ घालून आणा, सकाळी लवकर टोचा, विरघळवलेली बाटली तासा-दोन तासांत संपवा. सिरिंज स्पिरिटने धुऊ नका, त्यात लसच मरते. पूर्वी ही लस सशांपासून बनायची, म्हणून कायम तुटवडा. 2020 मध्ये इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने प्रयोगशाळेत पेशींवर वाढवलेली देशी लस आणली, ती मिळते का विचारा.

अमेरिकेने 1962 मध्ये स्वाइन फीवर संपवायची मोहीम सुरू केली आणि 1978 मध्ये देश रोगमुक्त जाहीर केला. पण शेवटच्या टप्प्यात तिथे लस बंद केली आणि बाधित कळप भरपाई देऊन नष्ट केले. ते वाचून कुणी इथे लस बंद करायला निघू नये. जपानने लस थांबवली, 2018 मध्ये रोग परत आला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा टोचायला लागले. आपल्याकडे तर गल्लीबोळांत मोकाट डुकरं फिरतात, आणि हायवेवरच्या हॉटेलांचं खरकटं निम्म्या फार्मवर जातं. खरकटं घालायचंच असेल तर चांगलं उकळून घाला, आणि डुकराच्या मांसाचे तुकडे असलेलं तर दारातही येऊ देऊ नका.

दादा, एक करा: मादीवार वही घाला. कुठल्या मादीचं कुठलं वेत, किती खुरटली, किती गेली, सगळं लिहा. मेलेली पिल्लं एक-दोन माद्यांचीच निघाली तर त्यांच्यापासून आणि त्यांच्या जिवंत पिल्लांपासून तपासणी सुरू करा. सगळीकडे विखुरलेली निघाली तर आधी लसीचा थर्मास तपासा.