मोरीत वाकून बघ

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि रस्त्यावर गाड्यांखाली मेलेल्या जनावरांच्या नोंदींची वही मिळाली. 'सावकाश चालवा' अशा पाट्यांसाठी वर्गणी काढायची म्हणतेस. जरा थांब. पाटी वाचून ब्रेक लावणारा ड्रायव्हर मला अजून भेटायचाय.

तुझ्या वहीत नुसतं 'साप मेला' एवढंच आहे. कुठल्या मैलाच्या दगडापाशी, किती वाजता, आदल्या रात्री पाऊस होता का, कडेला ओढा की शेत? पाऊस झाला की बेडूक निघतात, त्यांच्यामागे साप. ऊन उतरल्यावरही डांबर ऊबदार असतं, म्हणून साप तिथे पसरतात. रातवा पक्षी तर रात्री रस्त्यावरच बसतो आणि दिव्याच्या झोतात उठायला उशीर करतो. शिवाय ट्रकमधून सांडलेलं धान्य, माकडांना फेकलेली केळी. कारण कळल्याशिवाय उपाय कसला सांगणार?

उजाडताच जा. आठ वाजता गेलीस तर कावळ्या-कुत्र्यांनी तुझी अर्धी नोंद खाऊन टाकलेली असेल.

आणि जिथे काहीच मरत नाही ती जागा बिनधोक समजू नकोस. वाहतूक फार वाढली की काही जनावरं रस्ता ओलांडायचंच सोडतात. मग मेलेलं काही दिसत नाही, पण जंगलाचे दोन तुकडे झालेले असतात.

पेंच व्याघ्र प्रकल्पात राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, महाराष्ट्राच्या बाजूला, जनावरांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी वाट ठेवली. सर्वांत लांब ७५० मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत २०१९ च्या मार्च ते डिसेंबरात १८ जातींचे प्राणी तिथून जाताना टिपले गेले, वाघ तर ८९ वेळा. पण त्यासाठी आधी वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले. बोर व्याघ्र प्रकल्पातला बाजीराव वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ गाडीखाली गेला, तिथे असं काहीच नव्हतं.

तुझ्या गावच्या रस्त्यावर कुणी एवढा खर्च करणार नाही. रात्रीची वाहतूकबंदी कर्नाटकातल्या बंडीपूरच्या जंगलात २००९ पासून आहे खरी, पण आपल्याकडे भाजीचे टेम्पो रात्रीच निघतात. ते भांडण सध्या ओढवून घेऊ नकोस. तू रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या तपास, जनावरं त्यांतूनही पलीकडे जातात. गाळाने बुजलीय का? तोंडाशी काटेरी तार आहे का? वाकल्यावर पलीकडचा उजेड दिसतो का? तो दिसत नसेल तर बरीच जनावरं आत शिरायला कचरतात. गाळ काढायला ग्रामपंचायत पुरते. जास्त जीव मरतात त्या वळणावर गतिरोधक मागायला मात्र तुझी वही लागेल.

आत वाकण्याआधी काठी आपट. मागच्या पावसाळ्यात मी आपटली नाही आणि समोरून साळिंदर निघालं. माझा चष्मा अजून त्याच मोरीत आहे.

तुझा,
सर