शीथ काढल्यानंतर जांघेकडे लक्ष

कॅथलॅबच्या (जिथे अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी होते) वॉर्डात नवीन आहेस, तर आधी जांघेतलं पंक्चर, म्हणजे धमनीत सुई घातल्याचं भोक, सांभाळायला शीक. बाकीचं हळूहळू येईल.

शीथ (धमनीत ठेवलेली नळी) काढण्याआधी एसीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) किती आहे ते विचार, बीपी बघ. दाब कातडीवरच्या छिद्रावर नाही, त्याच्या एक-दोन सेंटिमीटर वर, पोटाच्या बाजूला द्यायचा. सुई तिरकी वर गेलेली असते, धमनीचं भोक तिथे असतं. बोटांनी, सलग 15 ते 20 मिनिटं. नवे लोक इथेच चुकतात: मध्येच हात उचलून बघतात, नाहीतर गॉजचा ढीग रचतात. ढिगाखाली रक्त साठतं आणि दिसत नाही. पावलाची नाडी तपासत राहा. पाऊल गार, पांढरं पडलं तर लगेच कळव.

गाठ आली तर पेनाने तिची कड आखून ठेव, वाढली की कळते. गाठीत ठोके लागले तर डॉक्टरांना सांग, डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लागेल.

सगळ्यात फसवं हे: जांघ स्वच्छ, पण पेशंट कंबर दुखते म्हणतो, बीपी उतरतंय, नाडी पळतेय. रक्त पोटामागे साठत असू शकतं. गॅस समजून गोळी देऊ नकोस, डॉक्टरांना ताबडतोब बोलाव.

नाशिकहून सुरगाणा, पेठकडे जाणाऱ्यांना रस्ता लांबचा. सुट्टी देतानाच नातेवाइकांना सांग: रक्त आलं तर आडवं झोपवा, घट्ट दाबून धरा, 108 लावा.