३४ डिग्री म्हणजे बरं, असं कोण म्हणालं?

तू लिहिलंयस की अमेरिकेतून नोकरीच्या तीन ऑफर आहेत, फिनिक्स, ह्यूस्टन आणि सिएटल, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात निघायचंय, मुलगा चार वर्षांचा आहे, त्याला दम्याचा थोडा त्रास आहे, आणि अ‍ॅपवर फिनिक्स ४१, ह्यूस्टन ३४, सिएटल २५ दिसतंय म्हणजे "ताई, ह्यूस्टन आपल्या एप्रिलपेक्षा बरंच की, आणि सिएटल तर हिल स्टेशनच". हे वाचून मला हसू आलं कारण मीही असाच हिशोब करून आले होते. मूळची पुण्यातल्या कर्वेनगरची, आधी फिनिक्सजवळ तीन वर्षं, मग ह्यूस्टनला पाच आणि आता सात वर्षं झाली सिएटलजवळ, त्यामुळे तिन्हीकडचा ऑगस्ट अंगावर काढलाय.

पहिली गोष्ट म्हणजे डोक्यातलं कॅलेंडर बदल. आपला उन्हाळा एप्रिल-मेमधे, मग वळीव पडतो, जूनमधे पाऊस येतो आणि संपलं, ऑगस्टमधे पुण्यात २८ च्या आसपासच असतं, स्वेटर नाही पण छत्री हवीच. इथे उन्हाळा संपवायला कोणी येत नाही. तो जुलैत तापतो आणि सप्टेंबरपर्यंत तसाच लोळत पडतो, दिवस लहान होत जातील तसा हळूहळू उतरतो. म्हणजे तू पावसाळ्यातल्या पुण्यातून विमानात बसणार आणि उतरणार ते थेट दुसऱ्यांदा मे महिन्यात, त्या वर्षी तुला दोन उन्हाळे.

आता ते ३४ चं बघ. पुण्याचा एप्रिल ३८-३९ असतो पण कोरडा, आणि आपण ५६० मीटर उंचीवर आहोत त्यामुळे रात्री गच्चीत गार वारा येतो, पहाटे चादर लागते. ह्यूस्टनचे ३४ म्हणजे मुंबईचा मे. अ‍ॅपमधे खाली ड्यू पॉइंट नावाचा आकडा असतो तो बघायची सवय लाव, हवेत ओल किती ते त्यावरनं कळतं. १५ च्या खाली असेल तर मजेत, २० च्या वर चिकचिक, आणि ह्यूस्टनला ऑगस्टभर तो २४ च्या आसपास असतो, म्हणजे घाम येतो पण वाळतच नाही. सकाळी सातला दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते, खरंच धरते, मी रोज पदराने, म्हणजे टीशर्टने पुसायचे.

माझ्यासाठी सगळ्यात खरा थर्मामीटर म्हणजे आई. ती तिन्ही घरी येऊन गेली आणि स्वस्थ बसणं तिच्या स्वभावात नाही, त्यामुळे तिन्हीकडे तिने साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. फिनिक्सला सकाळी बाल्कनीत प्लास्टिकवर घातल्या आणि जेवायच्या वेळेपर्यंत वाळून कडांनी वर वळून तडकायला लागल्या, आई म्हणाली अगं ह्या उन्हाला काही धीरच नाही. ह्यूस्टनला तिसऱ्या दिवशीही पापडी हातात वाकत होती, चौथ्या दिवशी काळे ठिपके आले, सगळं फेकलं. सिएटलला तीन दिवसांत छान वाळल्या, पण त्याचं पुढे सांगते.

फिनिक्स म्हणजे नागपूरचा मे, तोही ऑगस्ट-सप्टेंबरात. २०२३ च्या जुलैत तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता आणि त्यातल्या सलग १६ रात्री ३२ च्या खाली उतरलाच नाही. त्रास दिवसाचा नाही, रात्रीचा आहे, कारण डांबर आणि काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत बसतं. सीटबेल्टच्या बक्कलने माझ्या मुलीच्या मांडीला चटका बसला होता, त्यानंतर गाडीत कायम एक जुना पंचा ठेवायचे. थंड पाण्याचा नळ सोडला तरी आंघोळीइतकं कोमट पाणी येतं. एसी मात्र प्रत्येक घरात, ऑफिसात, दुकानात, त्यामुळे माणूस जगतो, फक्त दुपारी बाहेर पडायचं नाही, पोराला बागेत न्यायचं तर सकाळी सहाला. तिथेही मान्सून म्हणतात बरं का, जून मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, पण आपल्यासारखी झड नसते, संध्याकाळी धुळीची भिंत चालत येते, मग अर्धा तास धो धो आणि परत कोरडं. ती धूळ दमेकऱ्यांना चांगली नाही, तेवढे दिवस खिडक्या बंद. ऑक्टोबर मध्यानंतर मात्र एप्रिलपर्यंत स्वर्ग आहे.

ह्यूस्टनला चिकचिकीपेक्षा मोठी काळजी वादळाची. मेक्सिकोच्या आखाताचं पाणी उन्हाळाभर तापत जातं, त्यामुळे हरिकेनचा जोर ऑगस्ट मध्यापासून आणि कळस १० सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे नेमका तू बॅगा उघडत असशील तेव्हा. २०१७ च्या ऑगस्टअखेर हार्वी आलं तेव्हा त्या पट्ट्यात एका ठिकाणी चार-पाच दिवसांत १५०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, पुण्यात दोन वर्षांत मिळून पडतो साधारण तेवढा. आपण भिडे पूल पाण्याखाली गेला की फोटो काढायला जातो, इथे तसलं करू नकोस. आणि २०२४ च्या जुलैत बेरिल आलं तेव्हा वीस लाखांवर मीटरांची वीज गेली, त्या उकाड्यात काहींची आठवडाभर. आम्ही तेव्हा तिथनं निघालेलो होतो पण मैत्रिणीचं फ्रीजमधलं सगळं गेलं, गोठवलेले मोदकसुद्धा. घर भाड्याने घेताना पूर्वी पाणी शिरलं होतं का हे स्पष्ट विचार, आणि पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, साध्या विम्यात तो धरलेला नसतो. आमच्या एजंटने हे सांगितलंच नव्हतं.

आता सिएटल, तुझं हिल स्टेशन. लोक म्हणतात तिथे सारखा पाऊस, पण तो मुख्यतः नोव्हेंबर ते जानेवारी, जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे. दिवसा २५, रात्री १४, महाबळेश्वरची जानेवारी समज, ऑगस्टअखेर आठपर्यंत उजेड. पण महिनोन् महिने पाऊस नाही म्हणजे जंगलं वाळून काडी होतात, आणि वारा फिरला की कॅस्केड डोंगरापलीकडचा, कधी ऑरेगॉन-कॅलिफोर्नियाचासुद्धा वणव्याचा धूर येऊन शहरावर बसतो. २०२० च्या सप्टेंबरात आठवडाभर सूर्य हळदीच्या गोळ्यासारखा दिसत होता. आईच्या पापड्या तेव्हाच वाळत होत्या, तळून खाल्ल्या तर म्हणाली, चुलीच्या वर टांगून ठेवल्यासारख्या लागतायत. आणि गंमत म्हणजे जुन्या अपार्टमेंटमधे एसी नसतो, "इथे लागत नाही" म्हणतात, म्हणजे धुराच्या दिवसांत खिडकी उघडली तर धूर आणि बंद केली तर भट्टी. २०२१ च्या जूनमधे इथे ४२ झालं होतं तेव्हा आम्ही तिघं ओले टॉवेल घेऊन फरशीवर झोपलो होतो. दरवर्षी असं होत नाही, काही सप्टेंबर इतके सुंदर जातात की पुण्याची आठवण येत नाही, खोटं कशाला बोलू. पण मुलाला दमा आहे म्हणून सांगते की २५ बघून भुलू नकोस.

मी तुझ्या जागी असते तर पगार बाजूला ठेवून आधी एचआरला विचारलं असतं की जॉइनिंग ऑक्टोबर मध्यापर्यंत ढकलता येईल का. बहुतेक वेळा जमतं, आणि गणपतीही घरी होतात. तेवढ्या दीड महिन्यात फिनिक्सचा उकाडा उतरतो, ह्यूस्टनच्या वादळांचा मुख्य जोर ओसरतो आणि सिएटलला बहुतेक वेळा पाऊस सुरू होऊन धूर विरतो (२०२२ ला ऑक्टोबरातही होता म्हणा). जमलं नाही आणि सिएटलच घेतलंस तर एसी असलेलंच घर बघ, शंभर डॉलर जास्त गेले तरी. मुलाच्या खोलीत हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा, एअर प्युरिफायर ठेव. दुकानात संपला असेल, धूर आला की संपतोच, तर चौकोनी बॉक्स फॅन घे आणि त्याच्या मागच्या बाजूला मर्व्ह १३ (फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याचा आकडा) लिहिलेला फर्नेसचा, म्हणजे घर गरम करायच्या यंत्राचा, फिल्टर टेपने चिकटव, फिल्टरवरचा बाण फॅनकडे हवा. आमचा असाच आहे, आठवडाभरात पांढऱ्याचा राखाडी झाला होता.

इन्हेलर आणि स्पेसर (इन्हेलरला लावायची नळी) दोन सेट आण, एक हातातल्या बॅगेत, सोबत पुण्याच्या डॉक्टरांचं इंग्रजीत लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन, कारण इथे नव्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत महिना सहज जातो. स्वेटर फार आणू नकोस, सप्टेंबरात तिन्हीकडे दिवसा सुती कपडेच लागतील. आणि आई येणार असतील तर पापड्या पुण्यातच वाळवून पाठवायला सांग.